चाकाला बाशिंग

नायट्रोची रिमोट गाडी घरी आणलेला माणूस ती आधी चालवून बघत असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी असा माणूस जवळून पाहिलेला नाही. तो गाडी आधी उलटी करतो. इंजिनाला अजून इंधनाचा वासही लागलेला नसतो, पण साहेब तिला मांडीवर उताणी घेऊन पुढच्या चाकाचा आर्म अंगठ्याने दाबून बघतात आणि म्हणतात, "प्लॅस्टिक आहे हो." एवढ्या तीन शब्दांत पुढच्या दोन वर्षांचं अंदाजपत्रक मंजूर होतं.

ज्यांच्या घरात हे खूळ शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही सेलवर चालणारी, भिंतीला धडकून मागे फिरणारी गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या मापाची, सव्वातीन-साडेतीन किलो वजनाची ऑफ-रोड बग्गी असते ती. तिच्या पोटात 3.5 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि ते मिनिटाला 30,000 च्या वर फेरे मारतं. पेट्रोल तिला चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असा काढा लागतो. एक भाग पेट्रोल नीट जाळायला हवेचे 14.7 भाग लागतात. नायट्रोमिथेन स्वतःचा बराचसा ऑक्सिजन पदरी बांधूनच आलेलं असल्यामुळे त्याला 1.7 भागांत भागतं. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं आणि तळहातावर मावणारं इंजिन अख्खी सोसायटी उठवतं. तेलाच्या भागात बहुतेक वेळा एरंडेल असतं. होय, तेच. लहानपणी नाक दाबून पाजलं जायचं ते. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातेत. पण परदेशी लेबलाच्या डब्यातून आलं की तेच एरंडेल माणूस पेट्रोलच्या कैक पट भावाने घेतो आणि त्याचा धूर डोळे मिटून हुंगतो.

इंधन पेटवायला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. दीड व्होल्टच्या सेलने ते एकदा लाल केलं की पुढे मिथेनॉलच्या संगतीने ते आपलं आपण तापलेलं राहतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला "काहीतरी प्लॅटिनमचं घेऊ म्हणाला होतात ना?" असं एका वहिनींनी विचारलं, तेव्हा "मागच्याच महिन्यात चार आणलेत" हे उत्तर आमच्या स्नेह्यांच्या तोंडातून निसटून गेलं. ते कुठे आहेत हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला.

आता मूळ प्रश्न. या गाडीला बाहेरून आणलेले जोडपार्ट चढवले तर ती सुधारते का? फरक पडतो, याबद्दल दुमत नाही. कुठल्या बाजूला पडतो, एवढाच वाद आहे.

या वादाचं मूळ टेक्सासात सापडतं. 1999 मध्ये तिथल्या ट्रॅक्सस कंपनीने टी-मॅक्स नावाचा नायट्रोचा मॉन्स्टर ट्रक काढला. पुढे जाणारा, मागेही जाणारा, खोक्यातून काढून थेट मैदानात नेता येणारा. तो असा काही खपला की त्याचे पार्ट बनवणाऱ्यांचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. पाहता पाहता त्या ट्रकचा प्लॅस्टिकचा जवळजवळ प्रत्येक अवयव कुणी ना कुणी ॲल्युमिनियममध्ये कातून, निळ्या-जांभळ्या रंगात ॲनोडाइज करून विकायला ठेवला. चिकाटीच्या माणसाने मनावर घेतलं तर शेवटी कंपनीचं म्हणून फक्त माहितीपुस्तक उरावं, अशी सोय झाली. ते पुस्तक तसंही कुणी उघडत नाही.

आर्म म्हणजे चाक आणि गाडीचं धड यांना जोडणारा हात. बग्गी उंच उडते आणि खाली येताना चारही चाकांवर उतरायचं तिने कुणाला वचन दिलेलं नसतं. एका चाकावर आपटली की सगळा दणका त्या आर्मला बसतो. कंपनीचा आर्म नायलॉनचा असतो. तो लवतो आणि परत सरळ होतो. फारच झालं तर मोडतो, आणि मोडताना दणका स्वतःबरोबर घेऊन जातो. ॲल्युमिनियमचा आर्म लवत नाही. तो दणका इमानदारीने पुढच्या खात्याकडे पाठवून देतो. मग आर्मची पिन वाकते. जाड पिन घातली की ती पिन जिच्यात बसते ती गिअरबॉक्सची भिंत तडकते. ती भिंत ॲल्युमिनियमची केली की दणका थेट चेसिसमध्ये जातो. शिवाय धातूत धातूचा स्क्रू बसला की तो इंजिनाच्या थरथरीने सैल होतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आपोआप घट्ट धरून राहतो. धातूत मात्र प्रत्येक स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, टिळा लावावा लागतो. एक जरी चुकला तरी मैदानभर वाकून शोधायचा. पाहणाऱ्याला वाटतं, कुणाच्या तरी कानातलं हरवलंय.

आमच्या त्या स्नेह्यांचे आयात केलेले ॲल्युमिनियमचे आर्म वाकले, तेव्हा ते हट्टाला पेटले आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या अण्णांकडे गेले. अण्णांनी मोडका-वाकडा नमुना हातात घेऊन फिरवून पाहिला.

"कुठल्या गाडीचा पार्ट म्हणायचा हा?"

"रिमोटच्या."

"रिमोटच्या म्हणजे? चालवतं कोण?"

"मीच."

अण्णांनी विषय वाढवला नाही. "मटेरियल काय टाकू?"

"मजबूत टाका."

अण्णांनी ईएन-8 टाकलं. ज्या पोलादाचे मशीनचे शाफ्ट करतात ते. चार आर्म तयार झाले. एकेक हातात घेतला की तराजूवरचं माप उचलल्याचा भास व्हायचा. पुढच्या रविवारी गाडीने मैदानाच्या फाटकाजवळचा सिमेंटचा खांब गाठला. स्नेह्यांनी गाडी उचलली, तर आर्मवर ओरखडा नाही आणि चेसिसचं धनुष्य झालेलं. ते तसंच घेऊन ते भोसरीला गेले. अण्णांनी सगळ्यात आधी आपला पार्ट तपासला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा साहेब! बोललो होतो ना? जसाच्या तसा!" मग धनुष्याकडे बघून म्हणाले, "आता ही पट्टीपण ईएन-8 मध्येच करून टाकू."

गंमत अशी की या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली मंडळी याच्या उलट्या दिशेने गेली. कॅलिफोर्नियाची आरपीएम नावाची कंपनी प्लॅस्टिकच्या जागी प्लॅस्टिकच विकते. मूळ पार्टपेक्षा जास्त लवचीक नायलॉनचं, आणि मोडलं तर बदलून देण्याच्या हमीसकट. टी-मॅक्सवाल्यांपैकी ज्यांनी हे आर्म बसवले त्यांची गाडी धावत राहिली. पण त्यांचा रंग बहुतेक करून काळा. काळ्या प्लॅस्टिकच्या जागी काळं प्लॅस्टिक बसवल्याचं मैदानावर कुणाला कळणार, आणि कळलंच नाही तर बसवून फायदा काय?

हे सगळं सामान येतं बाहेरून. खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. त्यामुळे आपली गाडी हे खेळणं नसून ते एक यंत्र आहे, हे पटवण्यासाठी या मंडळींना दोन ठिकाणी झगडावं लागतं. कस्टम्स आणि बायको यांचं एकमत होणारा हा एवढाच विषय असावा.

ॲल्युमिनियमपेक्षा माझ्या आवडीचं प्रकरण म्हणजे सर्व्हो. पुढची चाकं वळवणारी ही छोटी मोटर. कंपनीने दिलेला सर्व्हो साधारण बेताच्या ताकदीचा असतो. गाडी वळते, पण जरा सावकाशीने. म्हणून माणूस 25 किलोचा सर्व्हो आणतो. 25 किलो हे त्याचं वजन नव्हे. एक सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला एवढं ओढण्याची त्याची ताकद. तो बसवला आणि गाडी मैदानात सोडली, तर ती पहिल्यासारखीच सावकाश वळते. कारण मध्ये सर्व्हो सेव्हर नावाची स्प्रिंग असते. चाकाला धक्का बसला तर सर्व्होचे दाते वाचावेत म्हणून ती असते, आणि ती नव्या सर्व्होची सगळी ताकद स्वतःच खाऊन बसते. ठीक आहे, कडक स्प्रिंग आणू. आणली. आता चाकं वळतात, अगदी झटक्यात वळतात, पण दगडाला लागलं की धक्का थेट सर्व्होत जातो आणि दाते साफ. मग धातूच्या दात्यांचा सर्व्हो. तो येतो, उत्तम चालतो, आणि करंट असा ओढतो की गाडीतल्या चार पेन्सिल सेलना घाम फुटतो. व्होल्टेज पडलं की रिसीव्हरला भोवळ येते. रिसीव्हरला भोवळ आली म्हणजे गाडी कुणाचंच ऐकत नाही. म्हणून सहा व्होल्टचा रिचार्जेबल बॅटरी पॅक. तो मूळच्या डबीत मावत नाही. म्हणून मोठी डबी. ती बसवायला चेसिसला नवीन भोक. आणि पॅकसाठी वेगळा चार्जर, कारण घरातला चार्जर त्याला चालत नाही.

सुरुवात कुठून झाली होती? गाडी डावीकडे जरा हळू वळत होती.

इंजिनाच्या डोक्यावरचा पंखेदार हेड हा दागिना तर सर्वांच्या नजरेत भरणारा. बॉडीतून तो वर डोकावतो, त्यामुळे जांभळ्या रंगाचा मोठा हेड चढवला की गाडी बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखी दिसते आणि तेवढीच अवघडून चालते. मोठा हेड म्हणजे जास्त थंडावा, असा हिशोब. पण ही इंजिनं घडवलेलीच अशी असतात की पिस्टन आणि स्लीव्ह गरम होऊन फुगल्यावरच एकमेकांत नीट बसतात. हेड साधारण 105 ते 125 अंश सेल्सिअसला तापलेला असला तर इंजिन खुशीत असतं. डिसेंबरात सकाळी सातला मोठ्या हेडची गाडी तापायलाच तयार होत नाही. म्हणून मग महागाचा जांभळा हेड स्वयंपाकघरातल्या पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळला जातो. रेसवाले लोकही थंडीत असं काहीबाही गुंडाळतात, हे खरं. पण त्यांनी आधी जास्त थंड करणारा हेड विकत घेतलेला नसतो.

तापमान मोजायचा पारंपरिक उपाय म्हणजे हेडवर पाण्याचा थेंब टाकणे. चर्र होऊन तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक. पडता पडताच उडाला तर इंजिन भाजतंय, कार्ब्युरेटरची नीडल उघडून इंधन वाढवा. त्यातही सुधारणा हवी म्हणून एका गृहस्थांनी करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची तापाची बंदूक मैदानावर आणली. ती 42-43 अंशांपुढे आकडा दाखवत नाही. प्रत्येक फेरीनंतर ते इंजिनावर बंदूक रोखायचे आणि पडद्यावर "हाय" उमटायचं. सोबतचा त्यांचा नातू दर वेळी इंजिनाला उलट "हाय" करायचा.

ट्यून्ड पाइपबद्दल मात्र जरा जपून बोललं पाहिजे. ते नुसतं भूषण नाही. टू-स्ट्रोक इंजिनातून जळलेला वायू बाहेर पडताना थोडं ताजं इंधनही निसटतं. पाइपच्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि ते निसटलेलं इंधन मागे ढकलते. याच पाइपमधून एक नळी इंधनाच्या टाकीला जाते. तिच्या दाबावर इंधन इंजिनाकडे चालतं, वेगळा पंप नसतो. म्हणजे पाइप बदलला की ताकद येण्याची जागा बदलते, टाकीतला दाब बदलतो आणि कार्ब्युरेटरच्या नीडल पहिल्यापासून लावाव्या लागतात. हे लक्षात घेऊन, इंजिनाला साजेसा पाइप निवडला तर गाडी खरंच पळते. चकाकतो म्हणून निवडला तर वरचा वेग थोडा वाढतो, पिकअप मरतो आणि आवाज दुप्पट होतो. बहुतेकांना आवाजाचंच समाधान पुरतं. इंधनातल्या नायट्रोच्या टक्क्यांचंही तसंच. 16 वर गाडी पळते, म्हणून 25 हवं. 25 वर पळाली की 30. युरोपीय संघात नायट्रोमिथेनचा समावेश स्फोटकांच्या कच्च्या मालात होतो, त्यामुळे 2021 पासून 16 टक्क्यांपुढचं इंधन सामान्य ग्राहकाला सरळ विकत घेता येत नाही. तिथल्या बग्ग्या काही त्यामुळे जमिनीला खिळून बसलेल्या नाहीत.

आवाज ऐकून मैदानाकडेला गर्दी जमते आणि गर्दीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. टायटॅनियमच्या दांड्या, कार्बन फायबरचा शॉक टॉवर, दोन्ही दाखवून झाल्यावर कुणीतरी पुढे होऊन विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" 125 सीसीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते. लिटरला तास-सव्वातास, असं सांगितलं की तो मान हलवतो आणि सोबतच्याला म्हणतो, "परवडत नाही रे."

मग कशानेच काही सुधारत नाही का? सुधारतं ना. पण जे सुधारतं ते दिसत नाही, ही खरी अडचण. स्वस्तातल्या गाडीत चाकाच्या आसाला ब्राँझचे बुश असतात. त्या जागी सीलबंद बॉल बेअरिंग घातले की गाडी हाताला हलकी लागते, इंजिनावरचा भार कमी होतो. एवढासा खर्च, पण तो कुणाला दाखवणार? चाक काढून? तेल लावलेला स्पंजचा एअर फिल्टर ही आपल्याकडची सर्वांत मोठी गरज आहे. आपलं मैदान म्हणजे मुरूम. तो धुळीच्या रूपाने एकदा सिलिंडरात शिरला की पिस्टन आणि स्लीव्हमधली घट्ट मिठी सुटते आणि इंजिन कायमचं सुस्तावतं. फिल्टर दर आठवड्याला धुवायला लागतो. ॲल्युमिनियम धुवावं लागत नाही, पुसलं की चमकतं. म्हणून माणसं फिल्टर विसरतात आणि आर्म पुसत बसतात.

आणि फेल-सेफ. रिमोटचा सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करून ब्रेक लावणारी एवढीशी डबी. हल्लीच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये ती सोय आत असतेच. फक्त एकदा बटण दाबून नीट बसवून घ्यावी लागते. बॅटरीच संपली तर मात्र तीही काही करू शकत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटरला एक बारीक रिटर्न स्प्रिंग लागते. नसेल तर साधं रबरबँडही चालतं. मी एका गाडीला पूर्ण रेस दिलेल्या अवस्थेत मालकाचा निरोप घेताना पाहिलं आहे. मालक रिमोटची काडी वाकवून वाकवून थकला होता, आणि गाडी सरळ रेषेत वडापावच्या गाडीकडे निघाली होती. तिच्या अंगावर तेव्हा सहा जातींचे ॲल्युमिनियमचे पार्ट आणि पुढच्या बंपरला दोन एलईडी दिवे होते. दिवे लागलेले होते. रबरबँड नव्हतं. वडापाववाल्याने काही न बोलता पाय वर घेतला. गाडी खालून गेली आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगात शिरून बंद पडली. तेलाची कढई शाबूत राहिली, यात कुठल्याही पार्टचा वाटा नव्हता.

जागतिक स्पर्धांत भाग घेणाऱ्यांचं सामान बघावं. आठव्या हिश्श्याच्या मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची जागतिक स्पर्धा 1986 पासून होते. अंतिम शर्यत तासाभराची असते आणि दर काही मिनिटांनी गाडी पिटमध्ये आणून दोन-तीन सेकंदांत टाकी भरावी लागते. त्या गाड्यांचे आर्म बहुतेक करून प्लॅस्टिकचेच. त्या मंडळींचा जीव अडकलेला असतो टायरमध्ये, शॉकमधल्या तेलात आणि डिफरन्शियलमधल्या सिलिकॉन तेलाच्या घट्टपणात: पुढे 7000, मध्ये 7000, मागे 3000, की मागे 2000 करून बघावं? हे तेल गिअरबॉक्सच्या आत, कुणाच्याही दृष्टीआड. आमच्या मैदानावर एकाने एकदा असं तेल बदललं आणि गाडी वळणावर खरोखर सुधारली. त्याने ते तीन-चार जणांना सांगितलं. "रंग कुठला आहे?" असं त्यातल्या एकाने विचारलं.

स्टिकर, पेंट, कॉकपिटमधला प्लॅस्टिकचा ड्रायव्हर, मागे एमएच 12 ची पाटी, यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते काही मोडत नाहीत आणि काही सुधारण्याचा आवही आणत नाहीत. दसऱ्याला गाडीची पूजा करून तिला झेंडूची माळ घालायलाही हरकत नाही. माळ घातलेल्या अवस्थेत इंजिन चालू करायला मात्र आहे. फ्लायव्हीलने ओढून घेतलेल्या झेंडूच्या पाकळ्या क्लचमधून दिवाळीपर्यंत निघत होत्या.

दोन वर्षांनी आमच्या त्या स्नेह्यांनी गाडी विकायला काढली. जाहिरातीत अंगावरच्या दागिन्यांची यादी दिली: हे सीएनसी, ते टायटॅनियम, पाइप अमुक, हेड तमुक. या सगळ्यावर झालेला खर्च मूळ गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. बघायला आलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. त्याने गाडी उचलली, वजन पाहिलं, उलटी केली, अण्णांचे आर्म अंगठ्याने दाबून बघितले.

"काका, कंपनीचे ओरिजिनल पार्ट ठेवलेत का?"

"आहेत ना. खोक्यात आहेत, कोरे. पहिल्याच दिवशी काढून ठेवले होते."

"मग ते घालून द्याल?"

काकांनी क्षणभर विचार केला. "देईन की. पण त्याचे वेगळे पडतील."